राहून गेलेला एक सूर

'रीमिक्स' म्हटलं की आपल्याकडे २००२ सालचं 'कांटा लगा' आठवतं आणि लोक नाक मुरडतात. लताबाईंच्या जुन्या गाण्याची मोडतोड केली, हा राग. मला मात्र या शब्दाबरोबर 'ब्लू मंडे' आठवतं. मँचेस्टरच्या 'न्यू ऑर्डर'चं, मार्च १९८३ मधलं.

हे गाणं कळायला तीन वर्षं मागे जावं लागतं. १८ मे १९८० रोजी 'जॉय डिव्हिजन' या बँडचा गायक इयन कर्टिस याने आत्महत्या केली. वय अवघं २३. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायचं होतं. उरलेल्या तिघांनी बँडचं नाव बदललं, जिलियन गिल्बर्टला सोबत घेतलं. पण गाणार कोण? शेवटी गिटार वाजवणारा बर्नार्ड समनरच माईकपुढे उभा राहिला.

'ब्लू मंडे' जवळजवळ साडेसात मिनिटांचं आहे. ड्रम मशीन ठोके देत राहतं, त्यावर सिंथेसायझर चढतात, आणि दोन मिनिटं उलटली तरी गायक येतच नाही! आला तरी आवाज सपाट, कोरडा. मला वाटतं, गेलेल्या माणसाची जागा भरायचा आव न आणता ती मोकळी ठेवण्याची ही रीत होती.

सूर ओळीने लक्षात ठेवून आपोआप वाजवणारा सीक्वेन्सर समनरने सुटे भाग जोडून बनवला होता. त्यात एकेक सूर हाताने भरायचं काम जिलियनकडे. तिने कागदाला कागद चिकटवून लांबच लांब पट्टी केली होती, विणकामाच्या नमुन्यासारखी. भरताना एक सूर राहून गेला आणि चाल तालापासून किंचित सरकली. त्यांनी ती तशीच ठेवली. यंत्राच्या गाण्यात माणूस सापडतो तो नेमका इथे.

बारा इंची तबकड्यांमध्ये ही सर्वांत जास्त खपलेली. पीटर सॅव्हिलने तिचं वेष्टण फ्लॉपी डिस्कसारखं केलं, नाव अक्षरांऐवजी रंगांच्या सांकेतिक चौकोनांत. ते इतकं महाग पडलं की प्रत्येक प्रतीमागे तोटा झाला, असंही सांगतात.

मग आले रीमिक्स. १९८८ मध्ये क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांचा. तो ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. मूळ गाणं नवव्यापर्यंतच पोचलं होतं. १९९५ मध्ये जर्मनीच्या 'हार्डफ्लोर' जोडीचा. दोन्हींवर पाय थिरकतात, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. नाचाचं गाणं दर काही वर्षांनी नवे कपडे घालणारच.

पण ऐकायला बसलो की मी १९८३ कडेच वळतो. नंतरच्यांना गाणं तयार मिळालं होतं. या चौघांना मात्र आधी ठरवायचं होतं, पुढे वाजवायचं की थांबायचं.