मर्दुमकीची मापे

इंग्रजी भाषेत ‘व्हर्च्यू’ हा जो शब्द आज सद्गुण या सौम्य अर्थाने रूढ आहे, त्याचे मूळ रणांगणावर आहे. लॅटिनमध्ये ‘विर’ म्हणजे पुरुष. आपला ‘वीर’ हा शब्दही त्याच प्राचीन मुळापासून फुटलेला. त्यावरून रोमन लोकांनी साधलेला ‘विर्तुस’ हा शब्द प्रथम शत्रूसमोर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या सैनिकाच्या धैर्याला लावला जाई. पुढे ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी त्यात न्याय, संयम आणि श्रद्धा यांचा समावेश केला, आणि अठराव्या शतकाच्या इंग्लंडात तर तो इतका संकोच पावला, की रिचर्डसनने 1740 साली प्रसिद्ध केलेल्या ‘पामेला’ या कादंबरीच्या उपशीर्षकात तो एका दासीच्या कौमार्यरक्षणाचा वाचक झाला. पुरुषत्वातून जन्मलेला शब्द अखेर स्त्रीच्या शीलावर येऊन ठेपला. शब्दकोश ही स्थित्यंतरे नोंदवितो. ती कोणत्या माणसांच्या हातून आणि कोणत्या प्रसंगी घडतात, हे मात्र एखाद्या नगराच्या इतिहासातच दिसते, आणि इंदूरचा इतिहास या दृष्टीने फार बोलका आहे.

इंदूरच्या होळकरांच्या दौलतीचा पाया ज्या गुणावर उभा राहिला, त्याला मराठी बखरींच्या भाषेत मर्दुमकी म्हणत. फारसीतून आलेल्या या शब्दात तलवार चालविणे, मजल मारणे आणि घेतलेला मुलूख राखणे ही तिन्ही कामे सामावलेली होती. जेजुरीनजीकच्या होळ गावी 1693 साली जन्मलेले मल्हारराव मामाच्या आश्रयाने खानदेशात वाढले, कदम बांड्यांच्या पथकात त्यांनी शिपाईगिरी केली, आणि बाजीराव पेशव्यांच्या चाकरीत शिरल्यानंतर माळव्याचा सरंजाम मिळवून 1758 साली ते मराठी फौजांबरोबर थेट लाहोरपर्यंत गेले. अशा पुरुषाचे माप घोड्यांच्या संख्येत आणि चौथाईच्या वसुलात होई, आणि त्या धामधुमीच्या काळात दुसरे माप वापरण्यास कोणाला सवडही नव्हती.

ते दुसरे माप त्यांच्याच घरात तयार होत होते. 1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात पुत्र खंडेराव पडले, तेव्हा सती जाण्यास निघालेल्या सुनेला, अहिल्याबाईंना, मल्हाररावांनी परावृत्त केले आणि दौलतीच्या कारभारात त्यांना हाताशी घेतले. 1766 साली मल्हारराव निवर्तले, पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेले, आणि दौलत निर्नायकी झाली असे मानून दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड यांच्या सल्ल्याने पेशवे घराण्यातले राघोबादादा फौजेनिशी माळव्याकडे वळले. त्या वेळी अहिल्याबाईंनी पाठविलेला निरोप माळव्यात अद्याप सांगितला जातो: माझा पराभव केलात तर बायकांना हरविण्यात कीर्ती नाही, आणि हरलात तर तोंड दाखविण्यास जागा नाही, असा त्याचा आशय. दादांच्या शस्त्राची धार त्यांच्याच पौरुषाच्या कल्पनेवर उलटवून बाईंनी तो प्रसंग रक्तपाताविना निभावला.

परंतु त्यांचे खरे कर्तृत्व त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांच्या कारभारात आहे. फौजेची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून महेश्वरी त्या रोज उघड्या दरबारात बसत, रयतेच्या फिर्यादी स्वतः ऐकत, वसुलाचा आकार माफक ठेवीत आणि गावच्या वतनदारांचे हक्क सांभाळीत. वाटमारी करणाऱ्या भिल्लांना त्यांनी केवळ दंड केला नाही. भिलकवडीचा, म्हणजे वाटेने जाणाऱ्या मालावरील जकातीचा, त्यांचा जुना हक्क मान्य करून त्याच्या मोबदल्यात वाटांचे रक्षण त्यांच्याच माथी घातले. काशी-सोमनाथापासून ठिकठिकाणी झालेला त्यांचा धर्मादाय खर्च खासगी दौलतीतून होई. हे खासगीचे महाल 1734 साली पेशव्यांनी गौतमाबाईंच्या, म्हणजे मल्हाररावांच्या पत्नीच्या, नावे करून दिले होते. सरकारी खजिना आणि आपले धन यांत भेद राखणे हेच त्या काळच्या मोठमोठ्या मर्दांना जमले नव्हते. सत्ता ही सोपविलेली ठेव आहे, या जाणिवेने वागणे हा शौर्याचा एक प्रकार आहे, हे माळव्याने बाईंच्या कारभारातून अनुभवले.

जुने माप मात्र नाहीसे झाले नाही, आणि यशवंतराव होळकरांच्या रूपाने ते एकदा अखेरचे प्रखर तेजाने झळकले. 1802 च्या दिवाळीत हडपसरावर शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा त्यांनी मोड केला, आणि 1804 च्या पावसाळ्यात कर्नल मॉन्सनच्या पलटणींना मुकुंदऱ्याच्या खिंडीपासून आग्र्यापर्यंत पिटाळून लावले. त्या पराक्रमाबद्दल आदर बाळगूनही हे म्हटलेच पाहिजे, की फौजेच्या बळावर चाललेली ती दौलत त्यांच्यामागे सहा वर्षांतच महिदपुरी कोसळली, आणि जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहाने होळकर तैनाती फौजेच्या आश्रयाखाली आले. राजधानी इंदुरास आली ती या पराभवानंतर. महिदपूरच्या लढाईत इंग्रजांच्या बाजूने लढलेले सर जॉन माल्कम यांनी पुढे मध्य हिंदुस्थानाविषयीचा आपला ग्रंथ 1823 साली प्रसिद्ध केला, तेव्हा होळकर घराण्यात त्यांनी मुक्तकंठाने गौरविले ते अहिल्याबाईंना. जेत्याच्या लेखणीने दिलेला हा निवाडा फार मोलाचा आहे.

छावणीबरोबर इंग्रजांचे स्वतःचे पौरुषही इंदुरात आले. रग्बी शाळेत डॉ. आर्नल्ड यांनी घालून दिलेला धडा, म्हणजे खरे बोलावे, दुर्बळाला छळू नये आणि खेळात हार पत्करण्यास शिकावे, टॉमस ह्यूज यांच्या ‘टॉम ब्राऊन’च्या कथेने घरोघर पोहोचविला. ती कथा प्रसिद्ध झाली 1857 साली, ज्या वर्षी 1 जुलैला इंदूरच्या रेसिडेन्सीवर हल्ला होऊन कर्नल ड्यूरंडना तेथून पळ काढावा लागला. बंड शमल्यावर संस्थानिकांच्या मुलांना त्याच साच्यात घडविण्यासाठी राजकोट आणि अजमेरपाठोपाठ इंदुरातही कॉलेज निघाले, आणि त्याला सर हेन्री डेली यांचे नाव मिळाले. त्या शिक्षणाचा एक हेतू राजनिष्ठा रुजविण्याचा होता, हे उघडच आहे. तलवार काढून घेतलेल्या हातात बॅट देण्यात परकी सत्तेची सोय होती.

तरीही ती बॅट इंदूरने आपली केली. तिसऱ्या तुकोजीराव महाराजांनी 1923 साली नागपूरच्या कोट्टारी कनकैया नायडूंना आपल्या संस्थानात आणून फौजेत अधिकारपद दिले. 1926 साली मुंबईत एम. सी. सी. विरुद्ध त्यांनी अकरा षटकारांसह 153 धावा केल्या, 1932 साली भारताच्या पहिल्या कसोटी संघाचे ते नायक झाले, आणि पुढे त्यांच्या हाताखाली होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. पन्नाशी उलटल्यावर एकदा फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले असता ते खेळपट्टीवरून बाजूला सारून नायडू पुन्हा खेळण्यास उभे राहिले, आणि गोलंदाजाने आपली गय करू नये असे त्यांनीच बजावले, ही हकीकत क्रिकेटप्रेमी आजही सांगतात. याच संघात इंदूरचे सय्यद मुश्ताक अली होते, ज्यांनी 1936 साली मँचेस्टरला शतक ठोकले. मराठी संस्थानाच्या निशाणाखाली तेलुगू नायक आणि मुसलमान फलंदाज एकदिलाने खेळले. यशवंतरावांच्या घोडदळाची धडाडी येथे होती, मात्र तिच्यावर नियमांचा लगाम होता आणि तिने कोणाचे शेत तुडविले नाही.

आज मराठीत मर्दुमकी हा शब्द बहुधा उपरोधाने उच्चारला जातो, आणि दुर्बळावर हात उगारणाऱ्याला ‘यात कसला पुरुषार्थ?’ असे विचारले जाते, ही मला भाषेच्या प्रगल्भतेची खूण वाटते, कारण त्या प्रश्नातच पुरुषार्थाचे नवे लक्षण गृहीत धरलेले आहे. इंग्रजी शब्दाने रोमन छावणीपासून चालत येऊन शीलापर्यंत प्रवास केला खरा, पण त्या प्रवासात त्याचे धैर्य गळाले. इंदूरने ते गळू दिले नाही. अहिल्याबाईंच्या उदाहरणात धैर्य आणि शील, दरारा आणि दया एकत्र नांदतात. म्हणून पौरुषाचे उत्तम उदाहरण द्या असे म्हटल्यावर माळव्यातला माणूस एका बाईचे नाव घेतो, आणि त्याला त्यात काहीही विसंगत वाटत नाही.