साचा, शिसे आणि .४४ मॅग्नम

१९५६च्या सुरुवातीला स्मिथ अँड वेसन कंपनीचे .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर अमेरिकेच्या बाजारात आले. त्याचे काडतूस रेमिंग्टनने तयार केले होते आणि त्यातली गोळी होती २४० ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपंधरा ग्रॅम वजनाची. एका हातात मावणाऱ्या शस्त्रासाठी इतके जोरकस कारखानी काडतूस तोवर निघालेच नव्हते. पुढे १९७१मध्ये ‘डर्टी हॅरी’ चित्रपटात क्लिंट ईस्टवुडच्या हाती हेच रिव्हॉल्व्हर दिसले आणि त्याचे नाव जगभर झाले. या कीर्तीत एका माणसाचा वाटा मात्र झाकला गेला. कारखान्यांनी मनावर घेण्याआधी पंचवीस-तीस वर्षे एल्मर कीथ नावाचा रँचवाला घरी शिसे वितळवून तशाच जड गोळ्या ओतत होता आणि कंपन्यांना पत्रांमागून पत्रे लिहीत होता.

घरी गोळ्या ओतणे ही अमेरिकेत नवलाची गोष्ट नव्हती. ९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कच्या जमावाने राजा तिसरा जॉर्ज याचा शिशाचा पुतळा पाडला. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफील्ड गावी स्वातंत्र्यलढ्यातला पुढारी ऑलिव्हर वोल्कॉट याच्या घरी गेले आणि घरच्या व शेजारच्या बायकामुलांनी ते वितळवून बंदुकीच्या ४२,०८८ गोळ्या पाडल्या. हा आकडा ठाऊक आहे, कारण कोणी किती गोळ्या केल्या याची नावानिशी नोंद ठेवली होती.

अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घेणाऱ्या लुईस आणि क्लार्क यांच्या मोहिमेने तर १८०४मध्ये बारूद नेली तीच शिशाच्या डब्यांतून. असे ५२ डबे होते. प्रत्येकात चार पौंड बारूद आणि डब्याचे शिसे आठ पौंड. बारूद संपली की डबा वितळवायचा. त्या बारुदीला लागतील तेवढ्या गोळ्या त्यातूनच निघत. ओल्या होड्यांतून, पावसातून, बर्फातून बारूद कोरडी राहिली ती याच योजनेमुळे. या मोहिमेने ऑगस्ट १८०५मध्ये लेम्हाय खिंड ओलांडली. खिंडीच्या पश्चिमेला आयडाहोतले सॅमन गाव आहे, आणि त्याच परिसरात कीथने आयुष्याचा मोठा काळ काढला.

कीथचा जन्म १८९९चा, मिसूरीतला, वाढला मोंटानात. लहानपणी एका आगीत तो भयंकर भाजला आणि हात आखडून गेले. तरीही पुढे त्याने घोडी माणसाळवली, गुरे राखली, शिकाऱ्यांना वाट दाखवत डोंगर पालथे घातले. अशा कामात रायफल खोगिराला राहते. हाताशी असते ते कमरेचे रिव्हॉल्व्हर. म्हणून ते भरवशाचे हवे, आणि त्याची गोळी मोठ्या जनावरालाही आडवे करणारी हवी, हा त्याचा हट्ट अनुभवातून आला होता.

या हट्टापायी त्याने धोकाही पत्करला. १९२०च्या दशकात एका ४ जुलैला, स्वातंत्र्यदिनाच्या आनंदात, तो .४५ कोल्टमधून हवेत बार काढत होता. काडतुसांत त्याने रायफलची ३०० ग्रेनची गोळी लहान करून भरली होती. रिव्हॉल्व्हरची चक्री फुटली आणि तिचा वरचा भाग उडून गेला. त्यातून त्याने जो निष्कर्ष काढला त्यावर पुढचा सगळा इतिहास उभा आहे. .४५च्या चक्रीत दोन घरांमधली भिंत पातळ असते; तेवढ्याच आकाराच्या चक्रीला .४४ची भोके पाडली तर भिंत जाड राहते. कीथने .४४ स्पेशल हे १९०७चे, एरवी सौम्य समजले जाणारे काडतूस निवडले आणि त्यासाठी स्वतःची गोळी आखली.

ही गोळी २५० ग्रेनची. टोक गोल नाही, रुंद आणि सपाट. खाली धारदार खांदा, सारख्या रुंदीचे तीन पट्टे, वंगणासाठी चौकोनी तळाची खोल खाच आणि बूड सपाट. सपाट टोकामुळे जखम मोठी होते. रुंद पट्टे नळीतल्या आट्यांना घट्ट धरतात. याचा साचा लायमन कंपनीने काढला. घरगुती साच्यांचा ‘आयडियल’ हा कारखाना जॉन बार्लोने १८८४मध्ये सुरू केला होता आणि १९२५मध्ये तो लायमनकडे आला होता. साच्याचा क्रमांक ४२९४२१. पहिले तीन आकडे गोळीचा व्यास सांगतात, ०.४२९ इंच, पुढचे तीन नमुन्याचे.

असा साचा म्हणजे सांडशीच्या टोकाला बसवलेले लोखंडाचे दोन ठोकळे. मिटले की आत गोळीच्या आकाराची पोकळी, वर भोक असलेली सरकती पट्टी. शिसे ३२७ अंश सेल्सियसला वितळते. ओतायला त्याहून बरेच तापवावे लागते. मेणाचा खडा टाकून ढवळायचे, म्हणजे शिशात घातलेले कथील पुन्हा धातूत मिसळते, आणि वर आलेली काळपट मळी काढायची. मग पळीने साचा भरायचा. भोकावरचा धातू थिजला की लाकडी दांडक्याने पट्टीवर टोला. जादा धातू कापला जातो, साचा उघडतो आणि गोळी मऊ फडक्यावर पडते. साचा गार असेल तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर तिच्यावर बर्फासारखी पांढुरकी झाक येते. पाण्याचा एक थेंब जरी कढईत पडला तरी क्षणात वाफ होऊन तप्त शिसे चहूकडे उडते. अनुभवी माणूस बाटलीतले पाणीदेखील या कामाजवळ ठेवत नाही.

खरी कसोटी मिश्रणाची. निव्वळ शिसे नखाने ओरखडते. जुन्या बारुदीच्या मंद वेगाला ते चालत होते. नव्या वेगात ते आट्यांवरून घसरते, मागचा तप्त वायू कडा खातो आणि नळीत शिशाचा थर बसतो. १९३५मध्ये .३५७ मॅग्नम आले तेव्हा कारखान्याच्या मऊ गोळ्यांनी नळ्या अशाच भरून गेल्या. घरी ओतणारे यातून आधीच धडा घेऊन बसले होते. कीथ सोळा भाग शिशाला एक भाग कथील घाली. गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी बसवण्याचा उपायही होता. मिश्रण आणि मोजमाप बरोबर असेल तर तिची गरज नाही, असे तो आयुष्यभर सांगत राहिला. .४४ मॅग्नम निघाले तेव्हाही कारखान्याची गोळी मऊ असल्याची त्याची तक्रार होतीच. काडतुसाची पुंगळी मात्र स्पेशलपेक्षा एक अष्टमांश इंच लांब केली गेली, आणि ते शहाणपणाचे होते: नवे जहाल काडतूस जुन्या नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये शिरूच नये.

गोळी कडक करणारे दुसरे द्रव्य अँटिमनी. ते हौशी लोकांना आयते मिळाले छापखान्यांतून. लायनोटाइप या अक्षरजुळणीच्या यंत्राच्या धातूत शिसे ८४ टक्के, अँटिमनी १२ आणि कथील ४. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यात देवनागरीचे सुबक खिळे ओतले गेले तेही याच तीन धातूंच्या कुळातल्या मिश्रणातून. खिळ्याची कड तुटू नये म्हणून जो कडकपणा लागतो, तोच गोळीलाही लागतो. न्यूयॉर्क टाइम्सने २ जुलै १९७८ रोजी गरम शिशाची जुळणी थांबवली; तशी इतरत्रही थांबली आणि भंगारात आलेला हा धातू कढयांत गेला. दुसरा आधार मोटारीच्या चाकांवरच्या शिशाच्या वजनांचा होता. गॅरेजमधून बादल्यांनी मिळणारी ती वजने आता कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन यांसारख्या राज्यांत बंद आहेत आणि त्यांची जागा लोखंड व जस्ताने घेतली आहे. जस्त चुकून कढईत गेले तर सगळा घाणा बिघडतो, म्हणून भंगार निवडणे हेच आता निम्मे काम झाले आहे.

या छंदाचे कौतुक करताना शिशाचे विष विसरून चालणार नाही. मळीची आणि भुकटीची धूळ हाताला, कपड्याला लागते, तिथून घरात आणि पोटात जाते. लहान मुलांच्या मेंदूला शिशाची अल्प मात्राही बाधते, तेव्हा लिचफील्डसारखे मुलांना हाताशी घेऊन गोळ्या पाडणे आज अक्षम्य ठरेल. जनावराच्या शरीरात फुटलेल्या गोळीचे कण खाऊन कॅलिफोर्नियाची कॉन्डोर गिधाडे मेली, हेही सिद्ध झाले आहे.

कीथ १९८४मध्ये वारला. त्याने आखलेल्या आकाराचे साचे अजूनही बनतात आणि त्यांत गोळ्या ओतल्या जातात. कॅलिफोर्नियात मात्र १ जुलै २०१९पासून शिकारीला शिशाची गोळी पूर्ण बंद आहे, मग ती कारखान्यातली असो वा घरी ओतलेली. तिथल्या हौशी लोकांना ती चांदमारीसाठी वापरता येते. डोंगरात शिकारीला जाणारे तांब्याची गोळी विकत घेतात. तांबे वितळायला हजार अंशांच्या वर उष्णता लागते, त्यामुळे ती घरच्या कढईत ओतता येत नाही.