रेषा व कोन (कोडोली परिसराच्या संदर्भासह)

रेषा व कोन : प्राथमिक भूमितीतील दोन मूलभूत संबोध. रेषा दोन्ही बाजूंना अमर्याद असते, तिला लांबी असते, जाडी नसते. दोन भिन्न बिंदूंतून एक आणि एकच रेषा जाते. रेषेच्या मर्यादित भागास रेषाखंड आणि एका बिंदूपासून एकाच दिशेने अमर्याद जाणाऱ्या भागास किरण म्हणतात. एकाच आरंभबिंदूच्या दोन किरणांनी कोन होतो. कोनाचे माप म्हणजे एका भुजेपासून दुसरीपर्यंत वळावे लागते ते वळण. भुजा किती लांब काढल्या याच्याशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थ्यांची पहिली चूक इथेच होते : मोठ्या भुजांचा कोन त्यांना मोठा वाटतो. दुसरी चूक कोनमापकाच्या दुहेरी आकड्यांमुळे होते, आणि ४० अंशांचा कोन वहीत १४० अंशांचा लिहिला जातो. कोन लघू आहे की विशाल हे आधी नुसत्या डोळ्यांनी ठरवले, तर ही चूक टळते.

प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर जिल्ह्याच्या पन्हाळा तालुक्यातील कोडोली आणि वारणाकाठ येथील व्यवहार डोळ्यांसमोर ठेवून जमीनमोजणी, बांधकाम व सावली यांतील उपयोगास अधिक जागा दिली आहे.

प्रकार व जोड्या : ९० अंशांहून लहान तो लघुकोन, ९० अंशांचा काटकोन, त्याहून मोठा पण १८० हून लहान तो विशालकोन, १८० चा सरळकोन आणि १८० ते ३६० मधला प्रविशालकोन. बेरीज ९० असलेले दोन कोन परस्परांचे कोटिकोन आणि बेरीज १८० असलेले पूरक कोन होत. दोन रेषा छेदल्या की विरुद्ध कोन समान होतात. दोन समांतर रेषांना छेदिका छेदते तेव्हा आठ कोन होतात, पण मापे दोनच, आणि छेदिका लंब असल्यास एकच. संगत कोन समान, व्युत्क्रम कोन समान, छेदिकेच्या एका बाजूच्या आंतरकोनांची बेरीज १८० अंश. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश असते हा नियम शाळेत कागदाचे कोपरे फाडून, जोडून दाखवतात. ती पडताळणी झाली, सिद्धता नव्हे. सिद्धतेसाठी सहसा शिरोबिंदूतून पायाला समांतर रेषा काढतात.

इतिहास : शुल्बसूत्रांत वेदी आखण्यासाठी दोरीचा उपयोग येतो आणि आयताच्या कर्णाचा नियम बौधायनाने सांगितला आहे. भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) *लीलावती*तील क्षेत्रव्यवहार भुज, कोटी व कर्ण यांच्या लांब्यांवर चालतो, कोनाचे माप त्यात स्वतंत्रपणे येत नाही. अंश, कला, विकला ही मापे ज्योतिषाकडे होती आणि तेथेही गणित ज्या व चाप यांचे. भास्कराचार्यांचे गाव कोणते याविषयी मतभेद आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाशी संबंधित शिलालेख आहे. युक्लिडची मांडणी संस्कृतात आली ती सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथाच्या *रेखागणित* या ग्रंथाने, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि नसिरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून. जगन्नाथ मूळचा महाराष्ट्रातील, असे काही अभ्यासक मानतात.

जमीनमोजणी : मुंबई इलाख्यातील शास्त्रीय मोजणीचा आरंभ १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांच्या हातून झाला. कोल्हापूर संस्थानातही पुढे त्याच धर्तीची मोजणी झाली. शंकू-साखळी पद्धत ती हीच. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. या लांबीत सोय अशी की, एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे नेमका एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एकर. भूमापकाला वेगळा गुणाकार-भागाकार उरत नाही.

शंकू म्हणजे काठीवर बसवलेले, एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या दोन फटींचे साधन. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत मधोमध रेषा धरायची, तिच्यावरून साखळी टाकत जायचे. बांधाचे वळण आले की एका फटीतून रेषेच्या टोकाची काठी व दुसरीतून बांधावरचा दगड दिसेपर्यंत शंकू मागेपुढे सरकवायचा. दोन्ही दिसले की त्या जागेपासून दगडापर्यंतचे लंबांतर मोजून टिपणात लिहायचे. बांध कितीही वाकडा असला, तरी शेताचे काटकोन त्रिकोण व समलंब चौकोन पडतात. मधली रेषा १२ साखळ्या आणि तिच्या एका अंगाला बांधाच्या कोपऱ्यापर्यंतचा लंब ४ साखळ्या असेल, तर त्या अंगाचा त्रिकोण १२ गुणिले ४ भागिले २, म्हणजे २४ गुंठ्यांचा.

शाळेतल्या भूमितीच्या मानाने ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की या साऱ्या कामात ९० अंशांखेरीज एकही कोन मोजला जात नाही. बांध एकमेकांना ७० अंशांत मिळतात की ११०, हे टिपणावर लिहिलेलेच नसते. ते लांब्यांवरून काढता येते. टिपण प्रमाणबद्ध काढलेले नसते, त्यामुळे त्यातला कोन डोळ्यांनी वाचणे हा हद्दीच्या वादातला नेहमीचा गोंधळ आहे. आकडे वाचायचे, आकृती नाही.

काटकोन चुकला तर काय होते, याचा हिशेब : शंकूची फट दोन अंशांनी तिरपी असेल, तर चार साखळ्यांच्या (१३२ फूट) लंबावर बांधाचा दगड नकाशात साडेचार फुटांहून अधिक बाजूला सरकतो. क्षेत्रफळात फरक नाममात्र पडेल, पण हद्द सरकते, आणि वारणाकाठच्या उसाच्या रानात साडेचार फूट म्हणजे एक अख्खी सरी. प्लेन टेबल मोजणीत दिशा थेट कागदावर उतरतात, त्यामुळे तेथेही कोनाचे अंश कोणी लिहीत नाही. कोन आकड्यांत मोजण्याचे काम ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन) यंत्राने रुळवले. ते आडवा कोन, उभा कोन व अंतर एकत्र घेते. अलीकडे रोव्हरने उपग्रहांवरून बिंदूचे स्थानच मिळते, म्हणजे कोन पुन्हा पडद्याआड गेला. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते आणि एक आर जवळपास एका गुंठ्याएवढा भरतो, म्हणून बोलण्यात गुंठाच टिकला आहे.

बांधकाम : पाया आखताना गवंडी एका कोपऱ्यापासून एका दोरीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करतो. खुणांमधले अंतर ५ फूट भरले, तर कोपरा गुण्यात आहे. मोठ्या पायासाठी ९-१२-१५ घेतात, कारण अंतर जितके मोठे तितकी हातची चूक कमी भोवते. खोली चारही कोपऱ्यांनी बरोबर आहे की नाही हे पाहायला दोन्ही कर्ण मोजतात. समोरासमोरच्या भिंती समान आणि कर्णही समान असले, तर चारही काटकोन आपोआप येतात. ओळंब्याने उभी रेषा मिळते. शेजारचे दोन ओळंबे समांतर धरतात, पण काटेकोर पाहता ते पृथ्वीच्या मध्याकडे रोखलेले असतात आणि ३१ मीटर अंतरावर त्यांत एका विकलेचा फरक पडतो. घराच्या कामात याचा विचार कोणी करत नाही, करूही नये.

सूर्यकिरण : कोडोलीचे अक्षांश सुमारे १६.९ अंश उत्तर आहेत. विषुवदिनी मध्यान्ही सूर्याचे किरण ओळंब्याशी तेवढाच कोन करतात, म्हणून एक मीटर उभ्या काठीची सावली सुमारे ३० सेंटिमीटर पडते. त्याच दिवशी नागपूरला ती ३९ सेंटिमीटरच्या आसपास असते. सूर्यकिरण समांतर मानले, तर या दोन कोनांतला सव्वाचार अंशांचा फरक हाच पृथ्वीच्या मध्याशी होणारा कोन, आणि त्याला उत्तर-दक्षिण सुमारे ४७० किलोमीटर लागतात. ३६० अंशांना हिशेब लावला की पृथ्वीचा घेर ४०,००० किलोमीटरच्या जवळ येतो. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसची रीत हीच. संगत कोनांचा इतका मोठा आणि इतका स्वस्त उपयोग दुसरा नाही. मेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस व ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात येथे काठीची सावली मध्यान्ही नाहीशी होते.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातील किरणोत्सव हे याच विषयाचे जिल्ह्यातील सर्वांत परिचित उदाहरण. देवी पश्चिमाभिमुख आहे. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीचे किरण महाद्वारातून गाभाऱ्यापर्यंत जातात, आणि परंपरेने पहिल्या दिवशी चरण, मग छाती, मग मुख उजळते असे सांगतात. दोन्ही काळ २१ डिसेंबरपासून साधारण ४२ दिवसांवर येतात, कारण दोन्ही वेळी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सारख्याच, म्हणजे सुमारे १७ अंशांवर असतो. मावळतीचा बिंदू तेव्हा पश्चिमेपासून सुमारे १८ अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. सूर्य खाली उतरेल तसा किरणांचा जमिनीशी होणारा कोन लहान होतो आणि उजेड मूर्तीवर वर चढतो. ढग, धुरकट हवा किंवा मार्गातली बांधकामे आडवी आली की तो मधेच थांबतो. ही रचना बांधणाऱ्यांनी योजून केली का, याविषयी निश्चित विधान करता येत नाही.

शालेय शिक्षण : बालभारती (स्थापना २७ जानेवारी १९६७) या संस्थेच्या पुस्तकांत सहावीत कोन, सातवीत कोनांच्या जोड्या, आठवीत समांतर रेषा व छेदिका आणि नववीत त्यांच्या सिद्धता असा क्रम आहे. कंपासपेटीतले दोन गुण्ये बहुधा पेटीतच राहतात.

अयुक्लिडीय भूमिती : समांतर रेषांचे गृहीतक बदलल्यास त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश राहत नाही (लोबाचेव्हस्की, बोयाय).

घनकोन : प्रस्तुत नोंदीच्या कक्षेबाहेर.