कॉर्फचा किल्ला : भिंत नाही, माणूस फुटला

आज जाऊया इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या कॉर्फ कॅसल या गावात. हो, गावाला नावच किल्ल्याचं. खाली करड्या दगडांची घरं, वर टेकडीवर मोडका किल्ला.

१०६६ मध्ये नॉर्मन राजा विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि ताबा ठेवायला जागोजागी किल्ले उभारले. त्यातलाच हा एक. पर्बेक टेकड्यांच्या रांगेतली खिंड इथे आहे. खिंड ज्याच्या हातात, वाट त्याच्या हातात. आपल्या घाटवाटांवरच्या किल्ल्यांचं लॉजिकही हेच ना! पुढे पहिल्या हेन्रीने १२व्या शतकाच्या सुरुवातीला इथे सुमारे २१ मीटर उंच दगडी बालेकिल्ला बांधला.

आता थेट १६४३. राजा विरुद्ध पार्लमेंट असं यादवी युद्ध पेटलंय. किल्ल्याचा मालक सर जॉन बँक्स राजाच्या बाजूचा, पण तो बाहेर. किल्ल्यात त्याची बायको लेडी मेरी, मुलं, दासी आणि जेमतेम ८० माणसं. समोर पाच-सहाशे सैनिक. बायकांनी वरून दगड आणि जळते निखारे टाकले. सहा आठवड्यांनी वेढा उठला!

दुसरा वेढा पडला तोवर सर जॉन वारला होता. तरी मेरी हटली नाही. मग १६४६ च्या फेब्रुवारीत पिटमन नावाच्या तिच्याच अधिकाऱ्याने फितुरी केली. मदत आणतो म्हणून गेला आणि शत्रूचेच सैनिक आत घेऊन आला.

मी रोज कोड लिहितो, म्हणून मला हे लगेच पटतं. फायरवॉल कितीही भक्कम असू द्या, आतल्यानेच पासवर्ड दिला की संपलं.

पार्लमेंटने मग किल्ला निकामी करायचा हुकूम काढला. भिंतींखाली खणून, दारू ठासून उडवल्या. म्हणजे आज दिसतात ते भग्नावशेष म्हाताऱ्या किल्ल्याचे नाहीत, मुद्दाम मोडलेल्या किल्ल्याचे आहेत. १८१८ मध्ये इंग्रजांनी आपल्याकडच्या कित्येक गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामागेही हाच हिशेब होता : परत कुणी इथून लढायला नको.

पडलेले दगड गावकऱ्यांनी घरं बांधायला नेले. बँक्स कुटुंबाने किंग्स्टन लेसी इथे नवा वाडा बांधला. कॉर्फच्या किल्ल्या तिथे आजही टांगलेल्या आहेत. दरवाजे मात्र कधीच गेले.

तुमच्या जवळच्या गडाची एखादी भिंत पडलेली दिसली, तर एकदा विचारा : ही पडली, की पाडली? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!