विद्यापीठ आणि प्रार्थनामंदिर

सन १८६९ च्या जानेवारीत केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेचा निकाल लागला. पहिल्या क्रमांकाचा, म्हणजे सीनियर रँग्लरचा मान ट्रिनिटी कॉलेजच्या नुमा एडवर्ड हार्टॉग या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पटकावला होता. हार्टॉग ज्यू होता. पदवी देताना उच्चारावयाचे ख्रिस्ती त्रयीचे शब्द त्याच्यासाठी खास ठराव करून गाळण्यात आले. परंतु औदार्याची मर्यादा तेथेच संपली. सीनियर रँग्लर झालेल्या विद्यार्थ्याला कॉलेजचे फेलो म्हणून निवडले जाणे ही तेथील जवळजवळ ठरलेली रीत. पण फेलो होण्यासाठी आपण इंग्लंडच्या अधिकृत चर्चचे अनुयायी आहोत, असे प्रतिज्ञेवर सांगावे लागे. हार्टॉगला ते सांगता येण्याजोगे नव्हते. ज्या विद्येत तो सर्वांहून वरचढ ठरला होता, ती शिकविण्याचे आसन त्याला नाकारण्यात आले.

विद्यापीठ आणि धर्म यांच्या संबंधाचा इतिहास या एका प्रसंगात एकवटलेला आहे. युरोपातील जुनी विद्यापीठे चर्चच्या छायेत वाढली. त्यांच्या आवारातील चॅपेल, म्हणजे प्रार्थनामंदिर, ही केवळ उपासनेची जागा नव्हती. आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरविणारी ती एक वेसच होती. ऑक्सफर्डमध्ये प्रवेशाच्या वेळीच चर्चच्या एकोणचाळीस कलमांवर सही करावी लागे; केंब्रिजमध्ये ती अट पदवीच्या वेळी आड येई. म्हणजे केंब्रिजमध्ये अन्य मताच्या विद्यार्थ्याला शिकता येई, परीक्षाही देता येई, पण पदवी मात्र मिळत नसे.

या नियमाचा फटका हार्टॉगच्या आधी बत्तीस वर्षे आणखी एका ज्यू गणितज्ञाला बसला होता. सेंट जॉन्स कॉलेजचा जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर १८३७ साली दुसरा रँग्लर झाला. त्याला केंब्रिजने पदवी दिली नाही. ती त्याला १८४१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजकडून घ्यावी लागली. अध्यापनाची जागा मात्र त्याला त्याआधीच लंडनमध्ये मिळाली होती. तेथे १८२६ साली स्थापन झालेल्या नव्या विद्यापीठाने, म्हणजे पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संस्थेने, धर्माची कसोटी मुळातच ठेवली नव्हती. तेथे धर्मशास्त्राचे अध्यापन नव्हते आणि चॅपेलही नव्हते. सनातनी मंडळींनी या संस्थेला निरीश्वर म्हणून हिणवले आणि तिच्या विरोधात १८२९ साली किंग्ज कॉलेजची उभारणी केली. पण या ‘निरीश्वर’ संस्थेतच १८३८ मध्ये सिल्व्हेस्टरला प्राध्यापकाचे आसन मिळाले. पुढे १८५६ मध्ये एका पारशी गृहस्थाची गुजरातीचे प्राध्यापक म्हणून तेथे नेमणूक झाली. ते गृहस्थ म्हणजे दादाभाई नौरोजी.

केंब्रिजच्या पदवीपरीक्षेवरील बंधन १८५६ च्या कायद्याने सैल झाले; फेलोपदाचे मात्र राहिले. हार्टॉगच्या प्रकरणाने त्या उरलेल्या बंधनातील विसंगती उघडी पडली. सन १८७१ मध्ये उमरावांच्या सभागृहाच्या समितीपुढे त्याने साक्ष दिली. त्याच वर्षी १६ जून रोजी धर्मकसोट्या रद्द करणाऱ्या कायद्याला राणीची संमती मिळाली. आणि १९ जून रोजी, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, हार्टॉग देवीच्या साथीत मरण पावला. ज्या दारासाठी तो झगडला ते उघडले खरे. पण त्यातून आत जाणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्या दारातून पुढे जे आत गेले, त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे होते. सन १८९९ मध्ये ते सीनियर रँग्लर झाले आणि पुढे सेंट जॉन्स कॉलेजने त्यांना फेलो म्हणून निवडले. ज्या कॉलेजात सिल्व्हेस्टरला पदवीही मिळू शकली नव्हती, तेच हे कॉलेज. रँग्लर परांजपे हे नाव महाराष्ट्रात घरोघर पोचले, पण त्यामागे एका ज्यू तरुणाची अपुरी राहिलेली कहाणी आहे, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. विशेष असे की, परांजपे हे कट्टर बुद्धिवादी होते. दार उघडले ते केवळ निराळ्या श्रद्धेच्या माणसासाठी नव्हे, तर कोणतीच श्रद्धा न मानणाऱ्यासाठीही उघडले.

परंतु कायद्याने शपथ गेली, तरी एक प्रश्न शिल्लक राहिला. १८७१ च्या कायद्याने कॉलेजांच्या चॅपेलमधील उपासना अधिकृत चर्चच्या पद्धतीनेच चालू ठेवली होती. आत आलेल्या नव्या विद्यार्थ्याने मग आपली प्रार्थना कोठे करावी? घरापासून दूर असताना वडील गेल्याची तार हाती पडली, तर त्याने कोणाच्या दारी जावे? प्रवेशाचा हक्क कायदा देऊ शकतो. आधार देण्यासाठी मात्र माणूस लागतो. हा माणूस म्हणजे चॅप्लेन. या शब्दाचे मूळ मोठे अर्थपूर्ण आहे. तूरचा संत मार्टिन याने आपला झगा तलवारीने दुभागून अर्धा एका कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. त्या झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पेल्ला’ म्हणत. तो जेथे जपून ठेवला ती जागा चॅपेल झाली आणि त्याची राखण करणारा चॅप्लेन.

निरनिराळ्या पंथांनी हा प्रश्न आपापल्या परीने सोडविला. रोमन कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी १८९५ साली आपल्या तरुणांना ऑक्सफर्ड-केंब्रिजला जाण्याची मोकळीक दिली, ती तेथे कॅथलिक चॅप्लेन असावा या अटीवर. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातील ज्यू विद्यार्थ्यांसाठी बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने १९२३ मध्ये हिलेल नावाची संस्था काढली. तिच्या शाखा पुढे असंख्य विद्यापीठांत पसरल्या. चाळीस वर्षांनी, १९६३ मध्ये, त्याच इलिनॉयमध्ये मुस्लिम विद्यार्थ्यांच्या संघटनेची स्थापना झाली.

अमेरिकेतील सर्वांत जुन्या हार्वर्ड विद्यापीठाने १८८६ साली प्रार्थनेची सक्ती उठविली. सक्ती गेली की प्रार्थनामंदिर ओस पडेल, असे भाकीत करणारे पुष्कळ होते. प्राध्यापक फ्रान्सिस ग्रीनवुड पीबडी यांनी त्यावर निराळा तोडगा काढला. एकाच पंथाच्या उपदेशकाऐवजी भिन्नभिन्न पंथांचे उपदेशक पाळीपाळीने यावेत, त्यांनी प्रवचन द्यावे आणि त्यानंतर विद्यार्थ्यांना खाजगी बोलण्यासाठीही वेळ ठेवावा. ही दुसरी गोष्ट पहिलीहून महत्त्वाची ठरली. व्यासपीठावरून खाली उतरून समोरच्याचे ऐकणारा उपदेशक, हे आधुनिक चॅप्लेनचे रूप येथे दिसू लागले. मात्र हे सारे पंथ ख्रिस्ती वर्तुळातलेच होते. येल विद्यापीठाने तर प्रार्थनेची सक्ती १९२६ पर्यंत सोडली नाही.

हे वर्तुळ रुंदावणाऱ्यांत हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मचिंतकाचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९३५-३६ मध्ये ते भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. कोलंबोत एका वकिलाने त्यांना रोकडा सवाल केला: ज्या धर्माच्या माणसांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकले, त्याच धर्माचे तुम्ही समर्थन कसे करता? या प्रश्नाने थर्मन यांची पाठ सोडली नाही; त्याचे उत्तर ते पुढे ग्रंथरूपाने शोधीत राहिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला त्यांची महात्मा गांधींशी भेट झाली. अहिंसेचा निखळ संदेश कदाचित अमेरिकेतील निग्रो समाजाकडूनच जगाला मिळेल, असे उद्गार गांधीजींनी त्या वेळी काढले. पुढे १९५३ मध्ये बॉस्टन विद्यापीठाने थर्मन यांना मार्श चॅपेलचे प्रमुख नेमले. गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या अमेरिकन विद्यापीठात कृष्णवर्णीय माणसाला मिळालेले हे अशा प्रकारचे पहिलेच पद. त्या सुमारास मार्टिन ल्यूथर किंग तेथे डॉक्टरेटसाठी अभ्यास करीत होते.

याच दशकात, बॉस्टनच्याच आसमंतात, या प्रश्नाला विटाचुन्यातून दोन निराळी उत्तरे दिली गेली. दोन्ही वास्तू १९५५ सालच्या. ज्यू समाजाच्या पुढाकाराने १९४८ मध्ये सुरू झालेल्या ब्रँडाइस विद्यापीठाने एका तळ्याकाठी तीन स्वतंत्र प्रार्थनामंदिरे उभारली: एक ज्यूंचे, एक कॅथलिकांचे आणि एक प्रोटेस्टंटांचे. वास्तुशिल्पी मॅक्स अब्रामोव्हिट्झ यांनी त्यांची मांडणी अशी केली की, एकाची सावली दुसऱ्यावर पडू नये. एरो सारिनेन यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेसाठी केलेली रचना याच्या उलट होती. विटांची एकच गोलाकार इमारत, भोवती पाण्याचा चर, पाण्यावरून परावर्तित होऊन आत येणारा उजेड आणि वरून संगमरवरी वेदीवर पडणारा प्रकाशाचा झोत. कोणत्याही एका धर्माचे कायम चिन्ह तेथे नाही. जो येईल त्याने आपले चिन्ह बरोबर आणावे आणि जाताना न्यावे.

दोन्ही उत्तरांत काही मिळते, काही गमावते. वेगवेगळ्या घरांत प्रत्येकाची परंपरा अखंड राहते, पण चौथा पाहुणा आला की त्याला घर नसते. एकाच रिकाम्या दालनात सर्वांना जागा मिळते, पण परंपरेची ऊब तेथे नव्याने निर्माण करावी लागते. चौथा पाहुणा यायला फार काळ लागला नाही. १९६५ च्या कायद्याने अमेरिकेची दारे आशियाला अधिक मोकळी झाली आणि विद्यापीठांत हिंदू, मुस्लिम, शीख, बौद्ध, जैन विद्यार्थ्यांची संख्या वाढत गेली. बॉस्टनच्या वेदान्त सोसायटीचे रामकृष्ण संन्यासी स्वामी सर्वगतानंद यांनी हार्वर्ड आणि तंत्रविज्ञान संस्था या दोन्ही ठिकाणी हिंदू चॅप्लेन म्हणून सेवा केली. जेझुइटांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाने १९९९ मध्ये इमाम याह्या हेंडी यांना पूर्णवेळ नेमले आणि २०१६ मध्ये हिंदू चॅप्लेनही नेमला. सन २००८ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने साऱ्या धार्मिक जीवनाचे प्रमुखपद वरुण सोनी या हिंदू गृहस्थाकडे सोपविले. आणि २०२१ मध्ये हार्वर्डच्या चॅप्लेनांनी आपला अध्यक्ष म्हणून ग्रेग एप्स्टाइन या निरीश्वरवादी मानवतावाद्याची निवड केली. त्यांची ही मानवतावादी चॅप्लेनची परंपरा हार्वर्डमध्ये १९७४ मध्ये टॉम फेरिक या माजी कॅथलिक धर्मगुरूने सुरू केली होती.

या लोकांचे काम वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येणारे नाही. परीक्षेच्या भीतीने झोप उडालेला विद्यार्थी, रमझानात पहाटेच्या जेवणाची सोय नसलेला विद्यार्थी, दिवाळीच्या रात्री परक्या गावात एकटी बसलेली विद्यार्थिनी, मित्राच्या आत्महत्येने हादरलेला वर्ग, अशा ठिकाणी त्यांना धावून जावे लागते. अनेकांना पगार विद्यापीठ देत नाही, त्यांचा धर्मसमाज देतो. काही तर विनावेतनच राबतात. धर्मांतराचा मोह टाळावयाचा, कानी आलेले गुपित जपावयाचे आणि आपल्या श्रद्धेवर ठाम राहूनही दुसऱ्याच्या श्रद्धेला वाट दाखवावयाची, हे त्यांचे व्रत सोपे नाही. गाझातील युद्धाच्या निमित्ताने २०२३ नंतर अमेरिकेतील विद्यापीठांत जी कटुता माजली, तिने या व्रताची कठोर परीक्षा पाहिली. शेजारीशेजारी बसणाऱ्या रब्बीला आणि इमामाला एकाच आठवड्यात आपापल्या शोकाकुल तरुणांना धीर द्यावयाचा होता.

भारताने या प्रश्नाकडे आपल्या रीतीने पाहिले. अलीगढच्या संस्थेत सुन्नी आणि शिया यांच्या धर्मशिक्षणाची स्वतंत्र व्यवस्था झाली. शांतिनिकेतनात १८९१ साली रंगीत काचांचे उपासनागृह उभे राहिले, त्यात मूर्ती ठेवली नाही. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने, संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षणाला मनाई केली. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९ च्या अहवालात सुचविले की, दिवसाच्या कामाचा आरंभ काही मिनिटांच्या मूक चिंतनाने व्हावा. फाळणीच्या जखमा ओल्या असताना केलेली ही सूचना समंजस होती. मौनात कोणाची सावली कोणावर पडत नाही. पण मौनाची उणीव अशी की, दुःखी माणसाला ते उत्तर देत नाही. वसतिगृहाच्या बंद खोलीत कोसळलेल्या विद्यार्थ्याने कोणाकडे जावे, हा प्रश्न आपल्या विद्यापीठांपुढे अजून उभाच आहे. समुपदेशकांच्या नेमणुकांनी त्याचा काही भाग सुटतो, सारा नव्हे.

सिल्व्हेस्टर १८८३ साली ऑक्सफर्डमध्ये प्राध्यापक म्हणून सन्मानाने दाखल झाला, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. नियम बदलावयास तितकी वर्षे लागली. नियमाच्या पलीकडची गोष्ट, म्हणजे आत आलेल्या परक्या मुलाला ‘तू कोणाचा?’ असे न विचारता ‘तुला काय हवे?’ असे विचारणे, ही कोणत्याही कायद्याने साधत नाही. ती प्रत्येक पिढीतील काही थोड्या माणसांना नव्याने शिकावी लागते. संत मार्टिनने झगा दुभागताना त्या भिकाऱ्याची श्रद्धा विचारली होती, असे कथेत कोठेही म्हटलेले नाही.