पहिली बंदूक ठासणीचीच का?

ठाणे जिल्ह्यातल्या डोळखांब परिसरात भात खाचरात पिकते, नागली आणि वरी उतारावर, आणि शेताचा बांध संपतो तिथे बहुधा जंगल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत उभे पीक आडवे करतो. शहापूर-मुरबाडसारख्या डोंगरी मुलखात राखणीसाठी शेतकऱ्याने पहिली बंदूक घ्यायची म्हटली, की ती ठासणीची, असे समीकरणच होऊन बसले. ते गरिबीतून आणि गावठी सवयीतून आले, असे सहसा सांगितले जाते. मला ते अर्धेच खरे वाटते. त्या शेतकऱ्याची बंदूक मुख्यतः सरकारने निवडली.

स्वस्ताईचा मुद्दा मात्र झटकून टाकता येत नाही. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, बोळा घालायचा, छर्रे सोडायचे आणि गजाने ठासायचे. तयार काडतुसावर पैसे घालवायला नकोत. तोड्याच्या बंदुकीचा पेटता तोडा पावसात विझे, तर १९व्या शतकात आलेल्या, ठोका बसताच पेट घेणाऱ्या केपामुळे ती अडचण बरीच कमी झाली. दारू सर्दावण्याची भीती तेवढी राहिली. पण मागून भरायच्या बंदुका जगभर रुळल्यानंतरही इथला शेतकरी शंभर वर्षे गजच हाताळत राहिला, याचा उलगडा केवळ किमतीने होत नाही. त्यासाठी लष्कराकडे पाहावे. १८५७ च्या उठावाला निमित्त झालेले काडतूस एनफील्डचे, म्हणजे तोंडातून भरायच्याच, पण आटे पाडलेल्या नळीच्या रायफलचे होते. उठावानंतर देशी शिपायांना मुद्दाम गुळगुळीत नळीची बंदूक दिली गेली. पुढे गोऱ्या सैनिकाच्या हाती मार्टिनी-हेन्री रायफल आली, तेव्हा देशी पलटणींच्या वाट्याला आधीची स्नायडर आली. शिपाई एक पिढी मागे ठेवला जात होता. मग शेतकऱ्याला कोण पुढे जाऊ देणार? व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीतल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून सूट दिली. कूर्गच्या कोडव समाजालाही सूट होती. म्हणजे शस्त्र कुणाकडे असावे, हे गरजेपेक्षा विश्वासावर ठरत होते.

यावर कुणी म्हणेल, स्वतंत्र भारतानेही तेच केले, मग दोष इंग्रजांचाच कसा? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचे उत्तर १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये सापडते. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे ते सांगते. ती पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येईल, अशी पुस्तीही जोडते. मनाईऐवजी परवाना देण्याची भाषा आली, हा फरक लहान नव्हे, आणि त्याचे श्रेय त्या संसदेला दिलेच पाहिजे. पण पायऱ्या जुन्याच राहिल्या: पहिली ठासणीची, पुढचे पटवून दिल्यावर. आटे पाडलेल्या नळीची रायफल तर या सवलतीत बसतच नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर बंदुकीचा परवाना हाती असला, तरी रानडुक्कर मारायला वेगळी परवानगी लागू लागली.