गोळीची गोष्ट गिरणगावातली
आपल्या आरोग्य केंद्रात गरोदर बाईला लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडची गोळी मिळते. तिची गोष्ट मुंबईत सुरू झाली, हे मलाही उशिराच कळलं.

१९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. गिरणी कामगार बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय व्हायचा. तिने त्यांचं ताट तपासलं. भाजी-फळं जवळजवळ नव्हतीच. मार्माइट हा यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर बायका सुधारल्या. १९३१ मध्ये तिने हे छापलं. पुढे १९४१ मध्ये पालकातून फॉलिक अ‍ॅसिड वेगळं काढलं गेलं. गुण त्याचाच होता.

गोळी घ्यायचीच. पण दुखणं ताटातून आलं होतं, हे विसरू नका. डोहाळजेवण एका दिवसाचं. पालेभाजी, डाळ, उसळ तिच्या ताटात रोज पडते का? घरात ती सगळ्यांच्या शेवटी जेवत असेल, तर आधी ते बदला.